कॅबर्नेचे आईबाप

निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या मुलानं तीन प्रश्न विचारलेत. घरी थॉमसन आणि तास-ए-गणेश या खायच्या द्राक्षांची बाग, स्वतः तो कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. प्रश्न असे: कॅबर्ने, शार्दोने, मर्लो, सिराह या युरोपातल्या वाइनच्या जाती मुळात आल्या कुठून? एकाच बागेत, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन जातींची वाइन चवीला इतकी वेगळी का निघते? आणि कॅबर्नेची बी लावली तर कॅबर्नेच येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची दोन उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

नाही येणार. हापूसची कोय पुरून हापूस मिळत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. कोयीतून येतो तो रायवळ. हापूस हवा तर हापूसची काडी आणून कलम बांधावं लागतं. द्राक्षाचं अगदी तेच. बी तयार होताना आईबापांचे गुण असे काही पिसले जातात की दोन बियांच्या हाती सारखी पानं येत नाहीत. कॅबर्नेच्या घडातल्या शंभर बिया लावल्या तर शंभर तऱ्हेचे वेल उगवतील. काही काळे, काही चक्क पांढरे, बरेचसे आंबट आणि बिनकामाचे. त्यात कॅबर्ने एकही नसेल.

म्हणून ‘जात’ म्हटल्यावर मालदांडी ज्वारी किंवा गीर गाय डोळ्यांपुढे आणू नका. तिथे पिढ्या होतात, जन्म होतात. वाइनच्या द्राक्षाची जात म्हणजे एकच झाड. कधीतरी कुठल्या तरी बांधावर एक बी पडली, रुजली, तिचे घड कुणाला तरी आवडले आणि त्यानं काडी कापून दुसरीकडे लावली. त्या काडीची काडी, तिची पुन्हा काडी. २०१५ च्या हिशेबानं जगात सुमारे ३ लाख ४० हजार हेक्टर कॅबर्ने सॉव्हिन्यों उभं होतं. बोर्दोतलं, चिलीतलं, दिंडोरीतलं, सगळं त्या एकाच रोपाचं अंग. ते मूळ रोप कधीच वाळून गेलं, पण काड्यांच्या रूपानं अजून जिवंत आहे.

आता तुम्ही विचाराल, मग तास-ए-गणेश आणि सोनाका कुठून आल्या? त्या बीच्या नाहीतच. थॉमसनच्याच बागेत एखाद्या वेलाला, एखाद्या काडीला वेगळे मणी लागले, कुणा चाणाक्ष शेतकऱ्याच्या नजरेनं ते टिपलं आणि तेवढीच काडी वेगळी वाढवली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात एक झाली, सोलापूरजवळच्या नान्नजला दुसरी. काडीवरच्या डोळ्यातल्या, म्हणजे फुटव्यातल्या, पेशींत आपोआप झालेला हा बदल. युरोपात हाच खेळ पिनो जातीनं शेकडो वर्षं मांडलाय. पिनो न्वार काळी, पिनो ग्री राखाडी-गुलाबी, पिनो ब्लाँ पांढरी. दुकानात या तीन वाइन, तीन किमती. डीएनए मात्र जवळपास एकच. फ्रान्समधल्या बुर्गुन्यातल्या माझ्या पहिल्या हंगामात एका काळ्या पिनोच्या वेलावर एकच काडी राखाडी घडांची पाहिली, आणि तिच्यातल्या एका घडात अर्धा मणी काळा नि अर्धा फिका, कुणी सुरीनं रेघ मारावी तसा. द्राक्षाच्या सालीत पेशींचे थर असतात. एका थरात बदल झाला आणि दुसऱ्यात नाही, की असं होतं. तिथला मुकादम माझ्या तोंडाकडे बघून हसत होता. त्यांना त्याचं काही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. १९९० च्या दशकापर्यंत या जातींच्या जन्माबद्दल जे काही लिहिलं जायचं ते बहुतेक दंतकथा किंवा अंदाज असायचे. कॅबर्नेचा संबंध रोमन लेखकांनी उल्लेखलेल्या ‘बितुरिका’ नावाच्या द्राक्षाशी जोडला जायचा. सॉव्हिन्यों हे नाव ‘रानटी’ या फ्रेंच शब्दावरून आलेलं, तेव्हा ही थेट रानवेलातून आली असावी, असंही म्हणत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स हे दोघं वेगवेगळ्या जातींचे डीएनए ठसे गोळा करत होते, कोर्टात बाप ठरवायला वापरतात त्याच धर्तीचे. १९९७ मध्ये त्यांना सापडलं की कॅबर्ने सॉव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रांक आणि सॉव्हिन्यों ब्लाँ यांची संतती आहे. काळ्या द्राक्षाची राणी म्हणून मिरवणाऱ्या बाईच्या आईबापांपैकी एक जण पांढरा निघाला. बरं, नावातच दोघांची नावं लिहिलेली. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण काळ्या-पांढऱ्याचा संकर हा आडाख्यातच नव्हता. कुणी मुद्दाम केलाही नव्हता. नैऋत्य फ्रान्समधल्या बागांत तेव्हा सगळं मिसळून लावलेलं असे; बहर एकदम आला, परागकण उडाले, एक बी रुजली.

कॅबर्ने फ्रांक हा गृहस्थ फार उद्योगी. मर्लोचा बापही तोच. म्हणजे बोर्दोत ज्या दोन जाती एकाच बाटलीत मिसळतात, त्या सावत्र बहिणी. मर्लोची आई मात्र कुणाला सापडत नव्हती. १९९६ मध्ये ब्रिटनीतल्या सें-स्युलियाक गावाजवळ एक बेवारस वेल मिळाला, नंतर शारांत भागात काही घरांच्या दारावर चढवलेले तसेच वेल दिसले. कुठल्याच सूचीत ही जात नव्हती, तिला धड नावही नव्हतं. गावकरी मॅग्डालेनचं द्राक्ष म्हणायचे, कारण २२ जुलैला त्या संतिणीचा सण येतो आणि हे द्राक्ष इतकं लवकर पिकायला लागतं. २००९ मध्ये जाहीर झालं की मर्लोची आई ती हीच, आणि अर्जेंटिनात गाजलेल्या माल्बेकचीही. दारावरचा मांडव झालेली ती बाई जगातल्या दोन बड्या जातींची माय, आणि तिची वाइन कुणी करत नाही.

आता ज्या द्राक्षासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. ग्वे ब्लाँ.

मध्ययुगात ईशान्य फ्रान्समध्ये दोन प्रकारची लागवड असे. चांगल्या उतारावर, सरदार-मठांच्या मालकीच्या जमिनीत पिनो. खालच्या सपाट, दमट, दहिवर पडणाऱ्या तुकड्यांत गोरगरिबांची ग्वे. ग्वे म्हणजे भरघोस पीक, पाणचट आंबट रस, कष्टकऱ्याच्या जेवणाबरोबरची रोजची वाइन. तिच्या नावाचा संबंधच हेटाळणीच्या जुन्या शब्दाशी लावतात. जर्मन मुलखात तिला हॉयनिश म्हणत, म्हणजे हूणांकडची, परकी, हलकी. तिच्यावर बंद्या आल्या, उपटून टाकण्याचे हुकूम निघाले. आज फ्रान्समध्ये ती जवळपास संग्रहातच उरली आहे.

१९९९ मध्ये डेव्हिस आणि फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या संशोधकांनी तीनशेवर जातींचे ठसे तपासले. शार्दोने, गामे, आलिगोते, मस्कादे वाइनची मेलाँ अशा सोळा जाती एकाच जोडप्याच्या पोरी निघाल्या. जोडपं कोण? पिनो आणि ग्वे. वरच्या उतारावरचा खानदानी आणि खालच्या ओहोळातली अस्पृश्य मानलेली. दोघं रक्तानं एकमेकांपासून लांब होती, म्हणून पोरं धट्टीकट्टी झाली. संकरित ज्वारीचा जोम आपल्याला माहीत आहेच. नंतर हरितलवकाचा डीएनए तपासला गेला, जो द्राक्षात फक्त आईकडून येतो. शार्दोनेच्या बाबतीत आई ग्वे निघाली. रीसलिंगही तिचीच, मध्य युरोपातली ब्लाउफ्रेंकिशही तिचीच. आजवर ऐंशीच्या आसपास जातींच्या मुळाशी ही एक वेल सापडली आहे. वाइनच्या दुनियेत काही जातींना ‘उच्चकुलीन’ म्हणायची पद्धत आहे. माझ्या डोळ्यांसमोर तो शब्द आला की मला ग्वे आठवते आणि हसू येतं.

गामेचं तर आणखी पुढे. १३९५ मध्ये बुर्गुन्याचा सरदार फिलिप द बोल्ड यानं फर्मान काढून गामे उपटायला लावली. तिला त्यानं बेइमान रोप म्हटलं होतं. पीक फार देते, चव हलकी करते, हा आरोप. तो काही अगदीच खोटा नव्हता, बुर्गुन्याच्या चुनखडी मातीत गामे खरंच बेचव होते. तीच गामे थोडी दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर गेली आणि तिथे तिचं भाग्य उजळलं. स्वतःच्या लाडक्या पिनोचीच ती पोर आहे, हे फिलिपला कळायला सहाशे वर्षं लागली असती.

एक गंमत इथे दाखवतो, म्हणजे पुस्तकाबाहेर जरा येऊ. शार्दोनेचं पान हातात घ्या आणि देठ जिथे पात्याला मिळतो तिथली खाच बघा. बहुतेक जातींत त्या खाचेच्या कडेला हिरवा भाग असतो, नंतर शीर. शार्दोनेत खाचेच्या तळाशी कड म्हणजे थेट शीरच; हिरवा भाग तिथून पुढे सुरू होतो. जणू कुणी पान शिरेपर्यंत कातरलंय. पिनो ब्लाँच्या पानात असं नसतं. दोन्हींच्या बागा लांबून इतक्या सारख्या दिसतात की दीर्घकाळ शार्दोनेला पिनोचाच एक प्रकार समजत आणि ‘पिनो शार्दोने’ असं लिहीत. कॅबर्ने सॉव्हिन्योंच्या पानाला खोल कातरे असतात, त्यांच्या टोकांची पाती एकमेकांवर चढतात आणि मधे गोल भोकं राहतात. आमच्याकडचे मजूर तिला ‘चष्म्याची’ म्हणतात. डीएनए यायच्या आधी पिएर गाले नावाच्या फ्रेंच माणसानं या अशा खुणांवरून हजारो जाती ओळखायची विद्या उभी केली. नवीन मुलांना मी आधी पान शिकवतो, साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नंतर. याचं कारण असं की एकदा ‘मर्लो’ म्हणून घेतलेल्या काड्यांच्या दोन ओळींना तिसऱ्या वर्षी पांढरे घड लागले होते. रोपवाल्यानं हात वर केले. पहिल्याच उन्हाळ्यात पानं नीट बघितली असती तर दोन वर्षं वाचली असती.

असली फसगत देशांचीही होते. चिलीत एकोणिसाव्या शतकात बोर्दोहून नेलेल्या काड्या मर्लो म्हणूनच लावल्या जात होत्या. १९९४ मध्ये जाँ-मिशेल बुर्सिको हे मोंपेलिएचे तज्ज्ञ मायपो खोऱ्यात एका बागेत फिरत असताना थांबले आणि म्हणाले, ही मर्लो नाही. ती कार्मेनेर होती, बोर्दोत जवळपास संपलेली जात. चिलीची मर्लो उशिरा का पिकते आणि तिला मिरचीचा वास का येतो, हे कोडं त्या दिवशी सुटलं. ऑस्ट्रेलियानंही स्पेनहून ‘आल्बारिन्यो’ आणून उत्साहानं लावली. २००९ च्या सुमारास कळलं की ती सावान्यँ आहे.

सिराहचा किस्सा भारतीय कानांना आवडतो म्हणून आवर्जून मोडून काढतो. नाव शिराझ, तेव्हा इराणमधल्या शिराझ शहरातून एखाद्या धर्मयोद्ध्यानं ही वेल रोनच्या काठी आणली, असं चवीनं सांगतात. आमच्याकडे टेस्टिंग रूममध्ये रोज कुणीतरी पाहुण्यांना सांगतं. डीएनए म्हणतो, आईबाप मोंद्यूज ब्लांश आणि द्युरेझा. एक आल्प्सच्या पायथ्याची साव्होआची, दुसरी आर्देशची. दोन्ही रोन नदीच्या आसपासच्या, दोन्ही बाहेर फारशा कुणाला माहीत नसलेल्या. सिराह कधी इराणला गेली नाही. कॅलिफोर्नियानं आपली मानलेली झिन्फंडेल मात्र खरोखर लांबून आलेली निघाली. मेरेडिथ आणि झाग्रेबचे इव्हान पेयिच, एदी मालेतिच यांनी क्रोएशियाचा किनारा धुंडाळला. २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेलात, हजारो वेलींच्या जुन्या मिसळ बागेत नऊ वेल सापडले, स्थानिक नाव त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. झिन्फंडेल, इटलीतली प्रिमितिवो आणि हे नऊ वेल, तिन्ही एकच झाड.

आणि त्याही आधी? रानातला द्राक्षवेल भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंत आहे, पण त्याच्यात नर वेगळा, मादी वेगळी, आपल्या पपईसारखी. नर फळत नाही, मादीला शेजारी नर लागतो. माणसानं वेचून घेतली ती दोन्ही एकाच फुलात असलेली, एकट्यानं फळणारी वेल. तिथेच ‘पाळीव’ द्राक्ष सुरू झालं. २०२३ मध्ये साडेतीन हजारांवर वेलींच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला. त्यानुसार सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी हे दोन ठिकाणी झालं, पश्चिम आशियात आणि कॉकेशसमध्ये. जॉर्जियात तर इ.स.पू. ६००० च्या आसपासच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षाच्या टार्टारिक आम्लाचे अंश मिळालेत, म्हणजे वाइन होतच होती. गंमत अशी की पश्चिम युरोपातल्या जाती मुख्यतः त्या जॉर्जियन घराण्यातून आल्या नाहीत. पश्चिम आशियातलं खायचं द्राक्ष माणसांबरोबर पश्चिमेला सरकत गेलं आणि वाटेत तिथल्या रानवेलांशी त्याचा संकर होत गेला. खायच्या द्राक्षाचा गर आणि रानवेलाचं आंबट-तुरट, बारीक मण्यांचं रक्त, असं ते मिश्रण.

एखादी जात किती काळ जगू शकते याचा एक पुरावा मला कायम चक्रावतो. फ्रान्समधल्या ओर्लेआँ शहरात उत्खननात मिळालेल्या, सुमारे ९०० वर्षं जुन्या एका द्राक्षबीचा डीएनए आजच्या सावान्यँ ब्लाँशी तंतोतंत जुळला. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरी लिहिली जायच्या आधी लावलेला वेल, आणि त्याच्याच काड्या आजही ज्युरात पिकतायत. सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या सावान्यँच्या लेकी मानल्या जातात. म्हणजे नाशिकच्या पांढऱ्या वाइनचा मोठा भाग त्या एका आजीच्या घरचा आहे.

आता दुसरा प्रश्न, स्वभावाचा. इथे आईबापांची माहिती खरी उपयोगी पडते.

सॉव्हिन्यों ब्लाँचा आणि कॅबर्ने फ्रांकचा, दोघांचा एक अवगुण सारखा: पायराझिन नावाचे रेणू. ढोबळी मिरची कापल्यावर येतो तोच वास, कारण रेणू तोच. लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम असला तरी नाक पकडतं. कॅबर्ने सॉव्हिन्योंला तो दोन्हीकडून मिळाला. मर्लोतही थोडा, कार्मेनेरमध्ये भरपूर, कारण तिच्यातही कॅबर्ने फ्रांकचंच रक्त. घडावर ऊन पडलं आणि मणी पुरता पिकला की हा वास उतरतो. म्हणून कॅबर्नेच्या बागेत घडाभोवतीची पानं काढतात. कच्ची तोडलेली कॅबर्ने कितीही महागड्या ओक पिंपात ठेवा, शिमला मिरचीची भाजीच लागते.

सिराहचा काळ्या मिरीचा झणका रोटुंडोन या रेणूचा. मिरीत जो असतो तोच. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये हे सिद्ध झालं. सिराहच्या नातलग मोंद्यूज न्वारमध्येही तो आढळतो. पाचातल्या एखाद्या माणसाला हा वास येतच नाही, तेव्हा टेस्टिंगला बसून कुणी ‘मला मिरी लागत नाही’ म्हणालं तर त्याला वेडं ठरवू नका. मस्कत जातीचा अत्तरासारखा सुगंध टर्पीन गटाचा, गुलाबात आणि धन्यात जे असतात ते. जात हाताशी धरून चावून बघावी ती हीच, कारण तिचा वास मण्यातच येतो. एका जनुकातला छोटासा बदल हा सुगंध चालू करतो; शार्दोनेच्या एका उपप्रकारात तसा बदल आपोआप झाला आणि ती मस्कतसारखी दरवळायला लागली. एरवी शार्दोने म्हणजे बटाटा. ज्या मसाल्यात घालाल त्याची चव धरणार. लोकांना शार्दोनेत लोण्याचा, टोस्टचा वास येतो तो बराचसा जीवाणूंचा आणि पिंपाचा.

सॉव्हिन्यों ब्लाँचं आणखी निराळं. तिच्या मण्यात पॅशनफ्रूट, चकोतऱ्याचा वास नसतोच. गंधकाचे ते रेणू मण्यात बांधलेले, निर्गंध असतात. यीस्ट ती गाठ सोडतं तेव्हा वास मोकळा होतो. १९९० च्या दशकात बोर्दोत हे उलगडलं. यात आपल्यासाठी कामाची गोष्ट अशी की तांबं या रेणूंना गिळतं. तोडणीजवळ मोरचुदाची फवारणी झाली असेल तर सॉव्हिन्यों ब्लाँ मुकी होते. खायच्या द्राक्षात हा प्रश्नच येत नाही, म्हणून बागायतदाराला तो पटवायला वेळ लागतो.

रीसलिंग बाटलीत वर्षं काढली की रॉकेलसारखी वासते. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती बिघडलीय वाटतं, जर्मन माणूस मात्र खुश होतो. पिनो न्वारचा रंग फिका, कारण साल पातळ आणि काळ्या रंगद्रव्याचे जे पक्के प्रकार बाकी जातींत असतात ते तिच्यात नाहीत. घड घट्ट, म्हणून पाऊस झाला की आतून कुजते. इटलीतली नेबियोलो रंगानं अशीच फिकी, पण टॅनिननं, म्हणजे साली-बियांतल्या तुरटपणानं, जीभ खरवडून काढते. रंगावरून वाइनचा दम ओळखणाऱ्यांची तिथे हमखास फजिती. सांजोवेझे, टेम्प्रानियो, गार्नाचा यांच्यावर लिहायला बसलो तर उत्तर संपणार नाही.

पांढऱ्या रंगाबद्दल मात्र एक सांगितलंच पाहिजे. जगातली जवळपास सगळी पांढरी द्राक्षं एकाच जुन्या अपघाताची वारस आहेत. रंग चालू करणारं जनुक कधीतरी एका वेलीत बंद पडलं. पांढरं व्हायला ते आईकडूनही बंद आणि बापाकडूनही बंद मिळावं लागतं. पिनो न्वारकडे एक प्रत चालू, एक बंद. म्हणून काळ्या पिनोच्या पोटी पांढरी शार्दोने आली, आणि म्हणूनच तुमच्या शंभर बियांत काही पांढरे निघतील असं मी वर म्हटलं.

जातीचा स्वभाव जनुकांत लिहिलेला असला तरी वाचला जातो तो घड्याळावर. कळ्या कधी फुटतात, पिकतात कधी. बुर्गुन्यात पिनो ऑगस्टमध्ये रंग धरते आणि सप्टेंबरात, दिवस लहान आणि गार होत असताना, सावकाश पिकते. आम्ही नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, आणि द्राक्ष पिकतं जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे युरोपातलं द्राक्ष थंडीकडे चालत पिकतं, आमचं उन्हाळ्याकडे. जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा आम्ल टिकून असतं. मार्चला दुपारी पस्तीस गाठली की मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल दिवसागणिक जळतं. सकाळी चाखलेला मणी आणि तीन दिवसांनी त्याच वेलीचा मणी यांत जमीन-अस्मान. ही परीक्षा शेनिन ब्लाँ पास होते कारण लुआरच्या खोऱ्यातून तिनं आंबटपणा मुळातच भरपूर आणलाय. सिराह, कॅबर्ने जरा सांभाळून केली तर जमतात. पिनो न्वारचा आग्रह धरणारे मी पाहिलेत. दोन-तीन वर्षांत बहुतेकांचा उत्साह मावळतो.

तोडणी ठरवताना ब्रिक्सचा, म्हणजे साखरेचा, आकडा बघाच, पण मणी तोंडात घ्या, गर गिळा, साल चावा, मग बी दाताखाली फोडा. बी हिरवट आणि चिकट असेल तर थांबा. भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कटकन फुटली आणि तपकिरी निघाली की टॅनिन तयार आहे. कॅबर्नेत हे साखरेपेक्षा उशिरा होतं, आमच्या उन्हात तर फारच. साखर चोवीसवर आणि बी अजून हिरवी, ही नाशिकची नेहमीची डोकेदुखी.

एकच झाड हजार वर्षं काड्यांनी वाढवायचं म्हटलं की त्याची किंमत असते. ते झाड बदलत नाही, रोग मात्र बदलतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आधी भुरी आली, मग मुळं खाणारा फायलोक्सेरा, मग १८७८ मध्ये केवडा. युरोपातल्या एकाही जातीला यांची ओळख नव्हती. फायलोक्सेरावर तोडगा निघाला तो अमेरिकन रानवेलाचा खुंट आणि त्यावर कलम. आपण डॉगरिज खुंट लावतो तो टेक्सासच्या त्याच रानवेल घराण्यातला, फक्त आपण तो क्षार आणि पाणीटंचाईसाठी वापरतो. केवड्यावरचा उपाय तर गावठी चलाखीतून निघाला. १८८२ मध्ये बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये मिलार्दे या प्राध्यापकाला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत, आतल्या गळून गेल्या आहेत. येणारे-जाणारे द्राक्ष तोडू नयेत म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग बघून लोकांना विष वाटायचं. १८८५ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. तुमच्या वडिलांच्या टाकीत कालवलं जाणारं बोर्डो मिश्रण ते हेच.

आता पुन्हा बीकडे. बी लावून नवीन जात होते का? होते, पण धीर लागतो. हेर्मान म्युलर यानं १८८२ मध्ये गाइसेनहाइमला रीसलिंगचा संकर करून जी जात काढली, ती म्युलर-थुर्गाउ. दुसरा पालक सिल्वानेर, असं तो स्वतः समजत होता. डीएनए तपासणीत निघाली माडलेन रॉयल. दक्षिण आफ्रिकेची पिनोटाज १९२५ ची, पिनो न्वार आणि सँसो यांची. कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि ग्रनाश यांचा संकर मार्सेलान १९६१ मध्ये झाला. मणी बारीक, उत्पन्न कमी म्हणून तो बाजूला पडला. आता हवा तापायला लागल्यावर २०२१ मध्ये खुद्द बोर्दोनं त्याला थोड्या प्रमाणात परवानगी दिली. साठ वर्षं थांबला बिचारा.

तेव्हा लावायची हौस असेल तर लावा. थॉमसन बिनबियांची, ती यात उपयोगाची नाही. जवळच्या एखाद्या वायनरीतून पूर्ण पिकलेल्या कॅबर्नेचे दोन घड मागून घ्या. बिया धुऊन पाण्यात टाका, तरंगतील त्या फेकून द्या. उरलेल्या ओलसर वाळूत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अडीच-तीन महिने ठेवा, थंडी मिळाल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत. मग पिशव्यांत लावा आणि घरात कुणाला सांगू नका की ही कॅबर्ने आहे. पहिले घड तीन-चार वर्षांनी दिसतील. प्रत्येक वेलीला नंबर द्या. बहुतेक उपटाव्या लागतील.